काँप्युटर कट्टा : गेम चालतो, म्युझिक गेलं कुठे?

प्रश्न : चतुर्थीची साफसफाई करताना क्वेक या गेमची जुनी ओरिजिनल सीडी मिळाली. बुरशी पुसून घेतली, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून मित्राकडून आयएसओ (सीडीची एका फायलीतली कॉपी) करून आणली. गेम मस्त चालतो, बंदुकीचे राक्षसांचे आवाज येतात पण म्युझिक अजिबात नाही. बुरशीने सीडी गेली काय?
– एक वाचक, साखळी

उत्तर : नाही हो, बुरशीने गेली असती तर गेमच इन्स्टॉल होताना अडकला असता. १९९६चा हा गेम, म्युझिक नाइन इंच नेल्स या बँडचं, आणि ते गेमच्या फायलींत नव्हतंच कधी, गाण्याच्या सीडीवर असतात तसल्या साध्या ऑडिओ ट्रॅकमध्ये होतं. पहिला ट्रॅक गेमचा, २ ते ११ म्युझिकचे. तेव्हा ही सीडी आम्ही घरच्या सीडी प्लेयरला लावून ऐकायचो (पहिला ट्रॅक चुकून लावू नका, नुसती खरखर). आता गंमत अशी की आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, ऑडिओ ट्रॅक येतच नाहीत, म्हणजे तुम्ही जत्रेतली नाटकमंडळी घरी घेऊन आलात आणि पेटीवाला देवळातच राहिला!

तर परत मित्राकडे जा आणि बिन-क्यू फॉरमॅटमध्ये कॉपी करा (बिनमध्ये सीडीवरचं सगळं, क्यूमध्ये ट्रॅकची यादी), दोन्ही फायली लागतात, क्यू छोटीशी असते म्हणून लोक ती डिलीट करून टाकतात. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) खेळत असाल तर आयएमजीमाउंट (imgmount) कमांडला ती क्यू फाइल द्यायची. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा क्वेकस्पाझम टाका, आजच्या काँप्युटरवर क्वेक चालवणारा प्रोग्राम, फुकट आहे. सीडीवरचे दहा ट्रॅक रिप करून (फायलींत उतरवून) ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ओजीजी फायली करायच्या, गेमच्या आयडी१ (id1) फोल्डरमध्ये म्युझिक (music) नावाचं फोल्डर करून त्यात ट्रॅक०२, ट्रॅक०३ (track02, track03) अशा नावांनी ठेवायच्या. नंबर शून्य दोनपासूनच हां, एकपासून सुरू केलंत तर प्रत्येक लेव्हलला भलतंच गाणं वाजेल.

माझ्या पहिल्या पीसीवर तर ओरिजिनल सीडी घालूनही म्युझिक नव्हतं. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डला एक बारीक चार पिनांची वायर जायची, असेंबल करणाऱ्याने ती लावलीच नव्हती आणि आम्ही वर्षभर गेमलाच शिव्या घातल्या.

प्रश्न : डॉसबॉक्सवर डूम खेळतो. गोळीचा आवाज येतो, म्युझिक येत नाही. मी लिनक्स वापरतो. दादा, प्लीज सांगा.
– कॉलेजचा एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : तुझी केस वेगळी आहे रे. डूममध्ये (१९९३) गाणं रेकॉर्ड केलेलं नाहीच, कुठला सूर कधी आणि कुठल्या वाद्यावर एवढंच लिहिलेलं आहे, वाजवणारा आपण द्यायचा. सेटअपमध्ये म्युझिकला जनरल मिडी (असं सूर लिहिलेलं म्युझिक) निवडलं असशील, आणि लिनक्सवर कुठलाही सिंथ (ते सूर वाजवणारा प्रोग्राम) चालू नसेल तर ते सूर वाजवायला कोणीच नाही. गोळीचा आवाज मात्र रेकॉर्ड केलेला असतो म्हणून तो येतो. फ्लुइडसिंथ नावाचा सिंथ आणि एखादा साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) टाक, तो चालू करून मग डॉसबॉक्स उघड, सेटअपमध्ये मिडीचा पोर्ट ३३० ठेव. एवढी कटकट नको असेल तर सेटअप डॉट एक्सई चालवून म्युझिक कार्ड साउंड ब्लास्टर कर (पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १), त्या कार्डावरची म्युझिकची चिप डॉसबॉक्स स्वतःच वाजवतो, काही टाकावं लागत नाही. आवाज जरा पिपाणीसारखा येतो, पण आमच्या पिढीने डूम असाच ऐकला आणि मला अजून तोच आवडतो.

प्रश्न : विंडोजवरच्या एका जुन्या गेममध्ये म्युझिक हळू केलं की सगळेच आवाज हळू होतात. स्पीकर बिघडला का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : स्पीकर बरा आहे, खर्च करू नका. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने मिडीचा (म्हणजे तुमच्या म्युझिकचा) व्हॉल्यूम आणि त्या गेमचा अख्खा व्हॉल्यूम एकत्र बांधून टाकलाय, त्यामुळे एक ओढला की दुसरा येतो. व्हर्च्युअलमिडीसिंथ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, साउंडफॉन्ट वेगळा डाउनलोड करून त्यात लोड करा, आणि त्यालाच डिफॉल्ट मिडी करा. म्युझिकचा व्हॉल्यूम मग तिथूनच कमीजास्त करायचा, गेममधल्या स्लायडरला हात लावायचा नाही. हे सगळं गेम बंद असताना करा, चालू गेमला नवीन सिंथ दिसत नाही.