आयातदार एनसीएलटीत, काजू बी न्हावाशेव्यात: 2021 मध्ये मी काय चुकलो

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. सावंतवाडीजवळचा कारखाना, इथली बी संपल्यावर आफ्रिकेतल्या बीसाठी मुंबईच्या आयातदाराला दिलेले 22 लाख, न्हावाशेव्याला उतरलेले कंटेनर, आणि गेल्या महिन्यात तो आयातदारच दिवाळखोरीत, म्हणजे एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणापुढे. माझा कारखाना कुडाळच्या बाजूला आणि रक्कम 18 लाख, एवढाच काय तो फरक. बाकी ही माझीच 2021 ची गोष्ट आहे.

मी वकील नाही. जे लिहितोय ते स्वतः भोगून आणि नंतर वाचून कळलेलं आहे, तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय कुठे सही करू नका. शिवाय तुमचा आयातदार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे असं मी धरलंय. साधी प्रोप्रायटरी फर्म असेल तर हे उत्तर तुमच्या कामाचं नाही, तिथे 2016 ची दिवाळखोरी संहिता लागत नाही.

तुम्ही विचारलंय की सुप्रीम कोर्टाचा एबीजी शिपयार्डचा निकाल दाखवून कस्टम्सकडून माल सोडवता येईल का. ऑगस्ट 2022 चा तो निकाल मी तीनदा वाचलाय. त्यात कोर्ट म्हणतं की दिवाळखोरीची संहिता कस्टम्स कायद्याच्या वर आहे. मोरेटोरियम (वसुलीवरची स्थगिती) सुरू झाल्यावर कस्टम्सने ड्युटी किती होते ते ठरवावं, पण वसुलीसाठी माल विकू नये. ड्युटीचा आकडा घेऊन त्यांनीही इतरांसारखा दावा लावावा. वाचताना बरं वाटतं. पण माल कस्टम्सच्या हातून सुटून जातो कुठे? रिझोल्युशन प्रोफेशनलकडे (आरपी, न्यायाधिकरणाने कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस), म्हणजे त्याच बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेत. तुमच्या गोडाऊनला नाही. तुमची खरी अडचण कस्टम्स नाहीच. कागदावर तो माल कोणाचा आहे, ही अडचण आहे. हे समजायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांतच सगळं गेलं.

माझ्या बाबतीत बिल ऑफ लेडिंगवर (शिपिंग लाइनची माल चढवल्याची पावती, जी दाखवून माल मिळतो) पाच कंटेनर होते. त्यातले दोन माझे, असं मी धरून चाललो होतो. पैसे दिले होते, बँकेचा पुरावा होता, व्हॉट्सॲपवर बोटीचं नाव आणि कटिंग टेस्टचे (बी फोडून दर्जा बघण्याच्या चाचणीचे) फोटो होते. आरपीच्या ऑफिसातल्या मुलीने शांतपणे एकच प्रश्न विचारला, "काका, या पाचातले तुमचे कोणते?" मी प्रोफॉर्मा (आयातदाराने आधी दिलेलं कच्चं बिल) पुढे केला. त्यावर नुसतं "दोन कंटेनर काजू बी" एवढंच. कंटेनर नंबर नाही, लॉट नंबर नाही, गोण्यांवर माझी खूण नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 18 मी नंतर वाचलं. माल नेमका कोणता ते ठरल्याशिवाय मालकी खरेदीदाराकडे जातच नाही. पाचातले कुठलेतरी दोन म्हणजे कायद्याच्या नजरेत माझा एकही नाही. मी मालक नव्हतो, येणेकरी होतो.

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. ती सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पोस्टच्या शेवटी जे लिहिलंय ("क्लेम भरला तर माल आपला नाही हे कबूल केल्यासारखं होईल ना?") तेच वाक्य मला एका सल्लागाराच्या कार्यालयात सांगितलं गेलं होतं. वर असंही सांगितलं की आगाऊ पैसे देणारा खरेदीदार ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवेच्या व्यवहारातला येणेकरी) होतच नाही, त्याने त्यांचा दाव्याचा फॉर्म बी भरून उपयोग नाही. त्या वेळी अपील न्यायाधिकरणाचा तसा निकाल होता, हे खरं. पण दावा भरायला फी नाही. लागतं काय, तर फॉर्म, प्रतिज्ञापत्र, बँक स्टेटमेंट आणि एक ईमेल. नाकारला असता तर नाकारला असता. शिवाय जो ऑपरेशनलही नाही आणि फायनान्शियलही (कर्ज देणारा) नाही, त्याच्यासाठी फॉर्म एफ आहे, तो मला कोणी सांगितलाच नाही. मी भरला नाही. दावा भरायचे 90 दिवस ऑक्टोबरमध्ये संपले. फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हिट्रो एनर्जीच्या प्रकरणात सांगितलं की मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम हे ऑपरेशनल येणंच आहे. धावत वकिलाकडे गेलो. तोवर कंपनी सावरण्याचा प्लॅन येणेकऱ्यांच्या समितीपुढे जाऊन मतदान झालेलं. पुढे न्यायाधिकरणाने तो मंजूर केला आणि माझं येणं संपलं. घनश्याम मिश्रा प्रकरणात एप्रिल 2021 मध्येच ठरलं होतं की मंजूर प्लॅनमध्ये जो दावा नाही तो कायमचा गेला. नवा मालक आला, कंपनी पुन्हा चालू झाली, पण माझे 18 लाख मागायला जागाच उरली नाही.

म्हणून माझं ठाम मत असं: दावा भरा. उद्याच भरा. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहा की मालावरचा मालकीहक्क अबाधित ठेवून, पर्यायी मागणी म्हणून हा दावा करत आहोत. शब्द वकिलाकडून घ्या, पण तारीख वकिलाच्या सवडीने जाऊ देऊ नका. आता नियम थोडा सैल झालाय, 90 दिवस किंवा प्लॅन मागवण्याची तारीख, जी नंतरची असेल ती. तरी त्या सैलपणावर विसंबू नका.

जाहीर नोटीस तुम्हाला दिसली नाही असं तुम्ही म्हणता. दिसणारच नाही. ती कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस जिथे असतं तिथल्या इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या पेपरात येते. आपल्या सिंधुदुर्गातल्या पेपरात मुंबईच्या कंपनीची नोटीस कशाला येईल? आयबीबीआयच्या (दिवाळखोरीचं नियामक मंडळ) वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून शोधा, आरपीचा ईमेल तिथेच मिळेल.

आता त्या चार महिन्यांचं. तुतारी एक्सप्रेसने रात्री कुडाळहून निघायचं, पहाटे पनवेल, तिथून उरणच्या बाजूला. सात फेऱ्या केल्या. कंटेनर ज्या आवारात होते तिथल्या खिडकीवर म्हणाले, आयातदाराची एनओसी आणा. आयातदाराच्या ऑफिसला कुलूप. आरपीच्या ऑफिसातून उत्तर आलं, आधी आवाराचं भाडं किती झालं ते लेखी आणा. आवारवाले म्हणाले, लेखी फक्त आयातदारालाच देतो. एका कार्यालयात अर्जावर पोच मागितली तर कागद परत हातात दिला. त्या अर्जाची पोच नाही, म्हणून तो मी दिलाच नव्हता. बाहेर पाऊस, आत बी. ज्यांना काजू माहीत आहे त्यांना सांगायला नको, ओल शिरलेल्या गोणीचं काय होतं ते. आरपीने शेवटी माल सोडवून विकला तेव्हा आउटटर्न (बीतून निघणाऱ्या गराचा उतारा) इतका पडला होता की भाडं, ड्युटी आणि खर्च वजा जाता फार काही उरलं नाही. त्या वर्षी दिवाळीआधी माझ्याकडच्या सोलणाऱ्या अकरा बायकांना मी काम देऊ शकलो नाही. अजूनही त्यातली एक समोर आली की मला तिच्या नजरेला नजर देता येत नाही. कोणीही वाईट वागलं नाही, फक्त प्रत्येकाने दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. राग आजही जात नाही. निदान पोच तरी द्या, एवढीच माझी मागणी होती.

तेव्हा खिडक्या फिरू नका. पहिल्या दिवशी एकच गोष्ट शोधा, मूळ बिल ऑफ लेडिंग कोणाकडे आहे. आयातदाराने एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली असेल तर ते बँकेकडे असणार, आणि मग बँक सांगेल की मालावर हक्क तिचा. मूळ कागदाशिवाय शिपिंग लाइन डिलिव्हरी ऑर्डर देत नाही आणि त्या ऑर्डरशिवाय कस्टम्स कितीही राजी असलं तरी माल बाहेर येत नाही. एका बँक अधिकाऱ्याने मला हे दहा मिनिटांत समजावलं, पण तोवर नोव्हेंबर उजाडला होता.

तुमच्या नावाने हाय सी सेलचा (माल समुद्रात असतानाच विकल्याचा) करार झाला असेल, बोट लागायच्या आधीचा, आणि बिल ऑफ लेडिंगवर तुमच्या नावे शेरा असेल, तर मात्र चित्र वेगळं आहे. मग बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद) तुमच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोड) भरता येते आणि माल त्या कंपनीचा नाही हे ठामपणे मांडता येतं. संहितेच्या कलम 18 मध्ये तिसऱ्याच्या मालकीच्या, पण कंपनीच्या ताब्यात असलेल्या वस्तू वगळल्या आहेत, ते वकिलाला दाखवा. मी तो करार केला नव्हता. आयातदार म्हणाला, "कशाला कागद वाढवता, मी क्लिअर करून ट्रकने पाठवतो." आता माझ्याकडे आयईसी आहे आणि या कराराशिवाय मी एक गोणीही घेत नाही. आयातदार नाराज होतात. होऊ देत.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय की कस्टम्सच्या 2009 च्या नियमांप्रमाणे आवारवाल्यांना भाडं लावताच येत नाही. अर्धवट आहे ते. कस्टम्सने स्वतः जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालाला ती सवलत आहे. आयातदार बुडाला म्हणून पडून राहिलेल्या मालाला नाही, भाडं चढतच राहतं. त्यापेक्षा आरपीला लेखी कळवा की माल नाशिवंत आहे, रोज किंमत घसरतेय, तो लगेच सोडवून विकावा आणि आलेली रक्कम वादाचा निकाल लागेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावी. मला हे सुचलं नाही. तो ऐकेलच असं नाही, पण न ऐकल्याची नोंद राहते आणि न्यायाधिकरणापुढे अर्ज करायला आधार मिळतो.

पैसे किती परत मिळतील याबद्दल खोटी आशा देत नाही. कंपनी मोडीत निघाली तर कलम 53 ची रांग लागते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारणवाले, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. आपण त्याच्याही मागे. प्लॅन आला तर मोडीत निघाल्यावर जे मिळालं असतं त्यापेक्षा कमी देता येत नाही, पण ते बहुतेक वेळा शून्याच्या आसपास असतं. आपल्याकडे रायगडातलं दिघी बंदर याच प्रक्रियेतून गेलं, 2021 मध्ये अदाणी पोर्ट्सनी 705 कोटींना घेतलं. तेव्हा पेपरात तो आकडा वाचून मला वाटायचं, या कायद्यात सगळ्यांना काही ना काही मिळतं. रांगेतली आपली जागा मला माहीतच नव्हती.

तरीही दावा भरा. न भरलेल्याला शून्यही लेखी मिळत नाही, आणि बुडीत खात्यात टाकताना सीएला काहीतरी कागद लागतोच.

आता एवढं करा. प्रोफॉर्मा आणि आयातदाराचे सगळे मेल काढा, त्यात कुठेही कंटेनर नंबर किंवा लॉट नंबर तुमच्या नावापुढे लिहिलेला आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवरही शोधा, फोटोत कंटेनरच्या दारावरचा नंबर दिसत असला तरी चालेल. सापडला तर इथे कळवा, म्हणजे मालकीच्या अर्जाला मी कोणते कागद जोडायला हवे होते ती यादी टाकतो. नसेल तर फॉर्म बी भरताना अडेल तिथे विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.