हॉटेलच्या कुंपणाबाहेरचा मॉरिशस

गेल्या अंकात मॉरिशसबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. मी मूळची गुहागरची. लग्नानंतर मॉरिशसला आले आणि क्वात्र बॉर्नमध्ये राहते, त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते माझ्या रोजच्या बाजारहाटातलं आणि पाहुण्यांना फिरवण्यातलं आहे.

प्रश्न: जुलैमध्ये हनिमूनला येतोय. एजंटने पूर्व किनाऱ्यावरचं रिसॉर्ट सुचवलंय, जेवणखाण सगळं धरून. घ्यावं का? (नाशिक)

जुलैत पूर्व किनारा नको. जुलै म्हणजे इथला हिवाळा, आणि मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून वाहणारा वारा थेट त्या किनाऱ्यावर येतो. बेल मारची पांढरी वाळू जाहिरातीत दिसते तशीच सुंदर आहे, पण जुलैत तीच वाळू उडून पोटऱ्यांना टोचते. डिसेंबरच्या उकाड्यात मात्र तिथला वारा हवाहवासा वाटतो. तेव्हा या वेळी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश निवडा. मधल्या डोंगरांमुळे तिथे समुद्र शांत असतो. ल मोर्नचं टोक पश्चिमेला असलं तरी तिथे वारा जोरात असतो, म्हणून तर पतंगाला बांधून लाटांवर सरकणारे लोक तिथेच जमतात.

स्वेटर आणा. पाणी बावीस-तेवीस अंशांवर असतं. पोहता येतं, पण बाहेर आल्यावर हुडहुडी भरते. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसाची आखणी सकाळपासून करा.

सगळी जेवणं धरून पॅकेज घेऊ नका, असं मी अगदी आग्रहाने सांगते. फक्त नाश्ता धरा. पैसे आधीच भरले की माणूस जेवायला दोन्ही वेळा हॉटेलवर परततो, आणि बेट बघायचं राहून जातं. शामारेलला सात रंगांची माती बघायला सगळेच जातात, तुम्हीही जा, पण तिथून वर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रस्त्याला लागा आणि दरीच्या कठड्याशी अर्धा तास उभे राहा. खाली पसरलेलं रान या बेटावर फार थोडं शिल्लक आहे. बाकी जमिनीवर दोन-अडीच शतकांत ऊस पसरला.

प्रश्न: आमचं सहाजणांचं कुटुंब पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. थेपले किती बांधू? (पुणे)

ताई, विमानापुरते बांधा. या बेटाचा सगळ्यात लाडका पदार्थ शाकाहारी आहे.

त्याचं नाव धॉल पुरी. चण्यासारखी पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून मैद्याच्या पोळीत भरतात आणि तव्यावर लाटीपेक्षा कितीतरी मोठी, रुमालासारखी मऊ पोळी भाजतात. पुरणपोळीतला गूळ काढून जिरं-हळद घातली तर जे होईल, ते हे. उसाच्या मळ्यांत कामाला आलेल्या बिहारकडच्या मजुरांनी हा पदार्थ आणला. ती कधी एकटी मिळत नाही, जोडीनेच मिळते. गाडीवर जाऊन ‘एन पेर’ म्हणायचं, म्हणजे एक जोडी. त्यात ग्रो प्वा (मोठ्या पावट्याच्या दाण्यांची रस्साभाजी), टोमॅटोची रुगाय, लोणच्यासारखं आशार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतात. मिरचीचं आधीच सांगा, कारण इथली बारीक मिरची आपल्या लवंगीच्या तोडीची आहे. धॉल पुरी सकाळी अकराच्या आत खावी. दुपारनंतर पोळी वातड होते, आणि चांगल्या गाड्या तोवर रिकाम्या झालेल्या असतात.

दुसरा पदार्थ गातो पिमां. डाळ भरड वाटून, मिरची आणि कांद्याची पात घालून तळलेले छोटे वडे. इथले लोक ते लोणी लावलेल्या गरम पावात दाबून नाश्त्याला खातात. मुलांना हे नक्की आवडेल. राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात तळमजल्यावर भाजीपाला आहे, तिथेच आलुदा पिऊन घ्या. दूध, सब्जाचं बी आणि अगर-अगरचे काप घातलेलं हे गारेगार पेय फालुद्याच्या घराण्यातलं आहे. किनाऱ्यावर फिरते विक्रेते अननस देठ धरून सोलतात आणि त्यावर मीठ, मिरची, चिंच लावून देतात. इथला अननस लहान आणि फार गोड असतो.

जपायचं ते चिनी पद्धतीच्या दुकानांत. तळलेल्या नूडल्स ‘भाज्यांच्या’ म्हणून मागितल्या तरी अंडं किंवा माशाचा सॉस पडू शकतो. पालेभाजीच्या पातळ सारात, म्हणजे बुयों ब्रेदमध्ये, कुणी सुकट घालतं. क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीतलं, एक वाक्य पाठ करून या: ‘मो पा मांझ लाव्यान, पा मांझ प्वासों, पा मांझ दिझेफ.’ मटण, मासे, अंडी खात नाही. इथे अर्ध्याच्या आसपास वस्ती हिंदू आहे आणि सणावाराला घरोघरी मांसाहार बंद असतो, त्यामुळे तुमचं म्हणणं कुणाला नवं वाटणार नाही.

(याच विषयावर रत्नागिरीहून उलट पत्र आलं आहे. त्यांच्यासाठी: मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला माशाचा व्हिंदाय दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आणि ऑक्टोपसची आमटी भाताबरोबर खा, पावाबरोबर नको.)

प्रश्न: आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. पोहता येत नाही, उन्हात बसवत नाही. लेक नेते आहे. आम्ही बघायचं काय? तिथले मराठी लोक भेटतील का? (चिपळूण)

गुरुजी, माझ्या मते हे बेट तुमच्यासारख्यांनीच बघावं.

पहिली सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला द्या. बंदराला लागून काळ्या दगडाच्या थोड्या भिंती, काही पायऱ्या, न्हाणीघरांचे आणि स्वयंपाकघराचे अवशेष, एवढंच आज उरलं आहे. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस भारतीय मजूर या बंदरात उतरले. पुढच्याच वर्षी इथली गुलामगिरी कायद्याने संपणार होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. अशा मजुरांना उतरवून घ्यायला हा घाट 1849 मध्ये उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांच्या जवळपास माणसं करारावर आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसं होती. युनेस्कोने 2006 मध्ये या जागेला जागतिक वारसा ठरवलं. शेजारच्या माहिती केंद्रात मजुरांच्या नोंदी कशा होत, फोटो कसे काढत ते नीट मांडलं आहे. तिथे बसायला सावली आहे, घाई करू नका. मी पाहुण्यांना समुद्राआधी इथे आणते, कारण पुढे दिसणारी प्रत्येक गोष्ट, देऊळ असो की धॉल पुरी, या पायऱ्या चढून आली आहे.

मराठी लोक जरूर भेटतील. पश्चिमेला कास्काव्हेलकडे जुनी मराठी वस्ती आणि गणपतीचं देऊळ आहे. गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी इथे झाकरी म्हणून टिकली आहे. गणपतीत घरातल्या गणपतीपुढे फेर धरतात, ढोलकी वाजते, आणि नाचणाऱ्या मुलीची रोजची भाषा क्रिओल असते. सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, हे तुम्हा दोघांना ऐकायला आवडेल. मात्र भेटाल तेव्हा एकदम भरभर मराठी बोलू नका. पाच-सहा पिढ्या गेल्या आहेत. नमस्कार करा, गाव सांगा, आरती म्हणा. आरतीला सगळे सूर लावतात, बोलणं त्यानंतर आपसूक सुरू होतं. जमलं तर यायचं गणपतीतच ठरवा.

गंगा तलाव डोंगरावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. विवराच्या जागी साचलेलं हे तळं, काठावर शंकराची तेहतीस मीटर उंच मूर्ती. खाली ऊन असलं तरी वर धुकं आणि भुरभुर असते, शाल हाताशी ठेवा. पाम्प्लेमूसची वनस्पती बाग सपाट जमिनीवर आहे, गुडघ्यांना त्रास नाही. प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने डचांच्या ताब्यातल्या बेटांवरून जायफळ-लवंगेची रोपं चोरून आणून ती इथे वाढवली. मोठ्या परातीएवढ्या पानांची कमळं तळ्यात आहेत. त्यांचं फूल पहिल्या दिवशी पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी असतं, म्हणून दोन्ही रंग शेजारी दिसतात.

प्रश्न: दहा वर्षांच्या मुलाला पाण्यातलं काय दाखवावं? डॉल्फिनची सफर कशी आहे? (ठाणे)

पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँच्या डॉल्फिन सफरीला मी पाहुण्यांना नेत नाही. पहाटे विश्रांतीला आलेल्या कळपाभोवती होड्या घिरट्या घालतात आणि माणसं पाण्यात उड्या मारतात. मला ते बघवत नाही.

त्याऐवजी आग्नेयेला ब्लू बे सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या होडीत बसा. पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ दिसतं. मग जवळच्या ईल ओझेग्रेतला जा. सव्वीस हेक्टरचं हे बेट राखीव आहे आणि मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. तिथे एबनीचं, म्हणजे काळ्या लाकडाच्या आबनूस झाडांचं, मूळ रान वाचवलं आहे आणि गुलाबी कबुतरं मोकळी फिरतात. 1990 च्या सुमारास ही कबुतरं रानात जेमतेम दहाएक उरली होती. डोडो याच देशातून नाहीसा झाला, हे मुलाने पुस्तकात वाचलं असेल. परत आणलेला पक्षी त्याला इथे बघता येईल. ऑगस्ट 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज याच किनाऱ्याजवळ फुटून तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले. तेही त्याला सांगा.

त्या बाजूला सोमवारी जा, म्हणजे माहेबूरचा आठवडी बाजार मिळेल. 1870 पासून चाललेला कसाव्याच्या बिस्किटांचा कारखानाही तिथेच आहे. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो, त्याचीच ही बिस्किटं.

पाण्यात रबरी बूट घातल्याशिवाय उतरू देऊ नका, तळाशी काटेरी समुद्री साळू असतात. आणि दक्षिणेला ग्री-ग्रीला फक्त वरून बघायचं. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तिथे तुटली आहे, लाटा सरळ कड्यावर आदळतात.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यावी की बस पुरते? (बेळगाव)

पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, बसही स्वस्त आणि सगळीकडे जाणाऱ्या आहेत, पण संध्याकाळी लवकर थांबतात. दोघं असाल आणि वेळ हाताशी असेल तर दिवसा बसनेच फिरा, खिडकीतून गावं दिसतात. मुलं किंवा वडीलधारे बरोबर असतील तर गाडी घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. जानेवारी ते मार्च येणार असाल तर वादळाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवा. ते एक ते चार अशा पायऱ्यांनी देतात. तिसरा लागला की बस, दुकानं सगळं बंद. दुसरा लागला की पाणी, पाव आणि मेणबत्त्या घेऊन हॉटेलवर परता.