वाचकांचे प्रश्न : देव न मानणाऱ्याच्या हाती ख्रिस्ती पुस्तक

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. देव न मानणारा माणूस बायबल किंवा एखादं ख्रिस्ती पुस्तक उघडतो आणि त्याला राग येतो, कंटाळा येतो, कधी डोळे भरून येतात. त्याचं पुढे काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न आहे.

प्र. मी नास्तिक आहे. नागपूरच्या सदर भागातल्या एका स्नेह्यांनी मराठी बायबल भेट दिलं. पहिल्या पानापासून वाचत लेवीयपर्यंत आलो. बळी, चरबी, कोडाचे नियम वाचून पुस्तक मिटलं. पुढे वाचावं का? (निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

वाचा, पण तिथून पुढे नको. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, ६६ पुस्तकांचं कपाट आहे; कॅथलिक प्रतीत ती ७३ असतात. त्यात कायदा आहे, वंशावळी आहेत, प्रेमगीतं आहेत, पत्रं आहेत. कपाट डावीकडून उजवीकडे वाचायला घेतलं की बहुतेक जण लेवीय किंवा गणना या पुस्तकांपाशी अडतात. लंडनला शिकत असताना गांधीजींचंही हेच झालं. उत्पत्तीनंतरचे अध्याय वाचताना त्यांना झोप यायची आणि गणना तर आवडलंच नाही, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. त्याच माणसाला नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागातलं, डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. शुभवर्तमान म्हणजे येशूची जीवनकथा; मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी ती चार आहेत. मार्कचे १६ अध्याय आहेत, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतात, आणि एका बैठकीतच वाचा. मत्तय आधी घेऊ नका, कारण पहिली १७ वचनं नुसती वंशावळ आहे. योहानही नको; तो पहिल्या ओळीपासून तत्त्वज्ञानात शिरतो आणि नवखा वाचक दारातच अडखळतो. मार्क वाचताना बारीकसारीक तपशिलांवर नजर ठेवा. चौथ्या अध्यायात वादळात नाव बुडायला आली आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. त्या उशीची कथेला गरज नाही, तरी ती आहे. नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अश्रद्ध वाचक इथे हमखास थांबतो. शेवटच्या अध्यायात ८व्या वचनापाशी पेन्सिलीनं रेघ ओढा. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो: रिकामी कबर, घाबरून पळालेल्या बायका, बस. ९ ते २० ही वचनं त्यांत नाहीत.

मग लूकचा १५वा अध्याय, मत्तय ५ ते ७ (डोंगरावरचं प्रवचन हेच), आणि जुन्या करारातलं उपदेशक. त्याचे १२च अध्याय आहेत, आणि ‘सर्व काही व्यर्थ’ म्हणणारा हा आवाज नास्तिकाला सगळ्यात जवळचा वाटतो. ईयोब त्यानंतर. निर्दोष असून माझ्यावरच ही संकटं का, असं देवाला विचारणाऱ्या माणसाचं हे पुस्तक. ३८व्या अध्यायात देव बोलू लागतो, पण ईयोबानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. तुम्हाला चीड येईल. ती चीड रास्त आहे, श्रद्धावान वाचकांनाही तो अध्याय शतकानुशतकं छळत आला आहे.

एक सूचना भाषेबद्दल. ‘पाप’ म्हटलं की आपल्या कानात पाप-पुण्याचा हिशेब वाजतो. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाच्या मुळाशी निशाणा चुकण्याचा अर्थ आहे. ‘विश्वास’ या शब्दामागे ‘भरवसा, निष्ठा’ आहे. पुराव्याविना एखादी गोष्ट खरी मानणं एवढाच त्याचा अर्थ नाही. निम्मा राग या दोन शब्दांपाशी येतो, म्हणून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्र. देवाचं अस्तित्व आणि येशूचं देवत्व तर्कानं सिद्ध करणारी पुस्तकं मित्र देतो. दहा पानांत डोकं तापतं. दोष माझ्या पूर्वग्रहाचा की पुस्तकाचा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

आधी पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते पाहा. ‘सिद्ध करणारी’ म्हणून ओळखली जाणारी बरीच पुस्तकं खरं तर डळमळलेल्या श्रद्धावानाला धीर द्यायला लिहिलेली असतात. बाहेरचा वाचक त्यात नसतोच, म्हणून त्याचे प्रश्नही नसतात. प्रिटोरियात एका ख्रिस्ती मित्रानं गांधीजींना अशी बरीच पुस्तकं दिली होती. पुराव्यांची जंत्री देणाऱ्या पुस्तकाचा त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. अठराव्या शतकातल्या बिशप बटलरचं ‘अ‍ॅनॉलॉजी’ मात्र त्यांना खोल आणि अवघड वाटलं, चार-पाच वेळा वाचावं असं. एकाच बाजूची दोन पुस्तकं, पण प्रतिक्रिया वेगवेगळ्या. हा फरक टिपायला शिकणं हाच खरा अभ्यास आहे.

समासात तीन खुणा करा. जिथे विधान पटलं तिथे बरोबरची खूण, जिथे एक पायरी गाळली गेली असं वाटतं तिथे फुली, आणि नुसता सूर खुपला तिथे गोल. पुस्तक संपल्यावर मोजा. गोल जास्त असतील तर तुमचं भांडण लेखकाच्या आविर्भावाशी आहे, मुद्द्याशी नाही. फुल्या जास्त असतील तर प्रत्येक फुलीसमोर गाळलेली पायरी एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता आलं नाही तर ती फुली खोडा.

उदाहरण घेऊ. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस हे स्वतः आधी नास्तिक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बीबीसीवर दिलेल्या भाषणांतून ‘मियर ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक १९५२ साली आलं. त्यातला गाजलेला मुद्दा असा: स्वतःला देव म्हणवणारा येशू एकतर वेडा, नाहीतर लबाड, नाहीतर खरोखर देव, ‘थोर शिक्षक’ ही चौथी सोय उरत नाही. इथे फुली कुठे पडते? ‘येशू हे शब्द खरोखर असेच बोलला होता का’ या पायरीवर. देवत्वाचे सर्वांत ठळक उद्गार योहानात आहेत, आणि अभ्यासक साधारणपणे चारांत योहान सर्वांत उशिरा लिहिला गेला असं मानतात. आता श्रद्धावान मित्राशी बोलायला तुमच्याकडे नेमका मुद्दा आहे. ‘हे सगळं भंपक आहे’ म्हणून त्याच्याशी बोलणं पुढे जात नव्हतं.

प्र. मी देव मानत नाही, पण रेव्हरंड टिळकांचे अभंग वाचताना रडू येतं. हे ढोंग आहे का? (गृहिणी, महाल)

मुळीच नाही. अभंगाची लय आपल्या कानात लहानपणापासून मुरलेली आहे. अर्थ पोचण्याआधी ती पोचते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले हे कवी, ना. वा. टिळक, स्वतः सांगत. एक करून पाहा. अभंगातल्या ख्रिस्ताच्या जागी विठ्ठल घालून मोठ्यानं वाचा. रडू तसंच राहिलं तर तुम्हाला हलवणारी गोष्ट भक्तीची आर्तता आहे. काही ओळी मात्र विठ्ठल घातल्यावर मोडतात, विशेषतः क्रूसाच्या, देवानं स्वतः मार खाण्याच्या. त्या ओळींपाशी खास ख्रिस्ती असं काहीतरी तुमच्यापर्यंत पोचलंय. ते पटलं असं नाही, पण कळलं आहे. हेलावणं म्हणजे मान्यता नव्हे, जसं चिडणं म्हणजे खंडन नव्हे.

प्र. मावशी ख्रिस्ती आहे. बायबलमधल्या विसंगती दाखवल्या तर ती दुखावली. माझं काय चुकलं? (जरीपटका)

विसंगती खऱ्या आहेत. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्यानं मत्तयाच्या २७व्या अध्यायात गळफास घेतला. प्रेषितांची कृत्ये, पहिल्या अध्यायात तो शेतात पडून फुटून मेला. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलण्याची घटना योहानात सुरुवातीला आहे, बाकी तिघांत शेवटी. पण हे चर्चमधल्या अभ्यासकांना केव्हापासूनच माहीत आहे. मावशीचा विश्वास त्या तपशिलांवर उभा नसावा, म्हणून तुमचा बाण भलतीकडे लागला. तिला विचारा, ‘मावशी, तू हे वाचतेस तेव्हा काय शोधतेस?’ आणि उत्तर मध्येच तोडू नका.

प्र. आम्ही बौद्ध. ख्रिस्ती पुस्तकं घरात दिसली की वडील म्हणतात, वाचून वाचून तिकडेच जाशील. (इंदोरा)

वडिलांची काळजी समजते, पण दाखले सरळ त्यांच्या बाजूनं नाहीत. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन गृहस्थानं नवा करार दिला. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि पुढे त्यांनी स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म मांडला. बाबासाहेबांनी १९५० च्या लेखात बुद्ध, येशू, मुहम्मद आणि कृष्ण यांची तुलना केली: बुद्धानं स्वतःला मोक्षदाता म्हटलं नाही, मार्गदाता म्हटलं. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाची स्थिती आणि त्याच्याबरोबर चर्चमध्ये गेलेली जात यावरचं त्यांचं लिखाण इंग्रजी समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हे खंड विचारा. वडिलांसमोर तोच खंड आणि मार्कचं शुभवर्तमान शेजारी शेजारी ठेवा. आणि कोणतंही भारतीय ख्रिस्ती पुस्तक वाचताना एक प्रश्न हाताशी असू द्या: यात जातीबद्दल काय लिहिलंय, आणि काहीच नसेल तर का नाही?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही घ्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आधी कडाडून विरोध केला आणि पुढे काही वर्षांनी त्या स्वतः त्या वाटेनं गेल्या. सोवळं कसं आतून गळत जातं, हे त्या पुस्तकाइतकं प्रामाणिकपणे मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल.

प्र. मानणारे आणि न मानणारे मिळून वाचनगट करायचा आहे. कसा चालवावा? (रामदासपेठ)

आठ-दहा माणसं, दीड तास, एकच अध्याय. पहिला अर्धा तास फक्त मजकूर: कोण आलं, काय बोललं, कुणी काय ऐकलं. या वेळात ‘मला वाटतं’ म्हणायला मनाई. पुढचा अर्धा तास प्रत्येकानं आपली प्रतिक्रिया सांगायची, त्यावर उत्तर कुणी द्यायचं नाही. शेवटी वाद. हा क्रम उलटला की गट तिसऱ्या बैठकीला मोडतो, कारण मजकूर बाजूला राहतो आणि माणसं एकमेकांचा धर्म तपासायला लागतात. भाषांतर सगळ्यांकडे एकच हवं, नाहीतर वेळ शब्दांच्या फरकात जातो. पहिल्या बैठकीला मार्कचा दुसरा अध्याय घ्या. २८ वचनं आहेत. गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून चौघे जण छप्पर उकरून आजारी माणसाला खाटेसकट खाली सोडतात. त्या घराच्या मालकाला काय वाटलं असेल, इथून बोलायला सुरुवात करा.