वाळपईला जाण्यापूर्वी

चि. बाय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गोवा पोलीस दलात निवड झाल्याचे पेढे घेऊन तू परवा आलीस आणि बोलता बोलता म्हणालीस, "काका, तुकाराम ओंबळे यांच्यासारखे मरण आले तरी मला चालेल." तुझी आई त्यावर काही बोलली नाही, हातातला चहा तसाच ठेवून ती मागीलदारी गेली. त्या वाक्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुला त्यांचे मरण दिसते. मला आधी त्यांचे हात दिसतात, आणि ते तसे का दिसतात हे सांगण्यासाठी मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऐन उमेदीत असताना एका रात्री कोयता घेऊन पळणाऱ्या माणसाचे मनगट मी धरले होते. त्याने हात पिरगाळला, पाते माझ्या बोटांच्या दिशेने वळले आणि माझी मूठ आपोआप उघडली. सोडावे की धरावे असा विचार करायलाही वेळ मिळाला नाही. शरीराने निर्णय घेतला आणि तो मला नंतर कळला. तिसऱ्या दिवशी तो माणूस सापडला, कोणाला इजा झाली नव्हती, पण ती उघडलेली मूठ मला आजही आठवते.

ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. सैन्याच्या सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले, म्हणजे एक नोकरी पुरी करून त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. पुढची सतरा वर्षे कशी गेली असतील हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो: गस्त, बंदोबस्त, समन्स बजावणे, सणाच्या दिवशी घराबाहेर असणे. २००८ मध्ये ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहाय्यक उपनिरीक्षक होते आणि चार मुलींचे वडील होते.

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आणि कामा रुग्णालयात गोळीबार करून, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळ्या झाडून अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे एका पळवलेल्या स्कोडा गाडीतून मरीन ड्राइव्हने येत असल्याचा संदेश बिनतारीवर आला, तेव्हा गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर ओंबळे आणि त्यांचे सहकारी उभे होते. मध्यरात्र उलटून गेली होती. अडथळे पाहून गाडी वळवताना ती दुभाजकावर आदळली. चकमकीत इस्माईल मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाब रायफल घेऊन उतरत असताना लाठीधारी ओंबळे पुढे झेपावले आणि त्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या पोटात जात राहिल्या, तरी पकड सुटली नाही आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत ताब्यात घेतले.

'जिवंत' या शब्दाकडे नीट लक्ष दे. हल्ल्यातल्या दहा जणांपैकी तोच एक जिवंत हाती लागला. त्यामुळे कराचीहून समुद्रमार्गे झालेला प्रवास, 'कुबेर' हे पळवलेले मासेमारी जहाज आणि पाठीमागून सूत्रे हलवणारी माणसे, या सर्वांचा तपास एका बोलत्या आरोपीपासून सुरू होऊ शकला. त्याला वकील मिळाला, खटला चालला, २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती तपासून कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. आरोपीला न्यायालयासमोर उभे करणे हेच पोलिसाचे काम आहे, आणि ओंबळे यांनी ते अखेरच्या श्वासापर्यंत केले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २०२१ मध्ये संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांच्यावरून 'तुकारामी' हे नाव दिले. तो जाळे न विणता झडप घालून भक्ष्य धरणारा कोळी आहे, आणि ही निवड मला फार योग्य वाटली.

आता जे लिहितो ते तुला कदाचित आवडणार नाही. रायफलसमोर लाठी घेऊन उभे राहावे लागले, यात ओंबळे यांचे शौर्य आहे तशीच आपल्या व्यवस्थेची मोठी उणीवही आहे. त्यांच्या आठवणीने ऊर भरून येणाऱ्या प्रत्येकाला त्या उणिवेचा रागही आला पाहिजे. आपल्या गोव्यालाही लांब किनारा आहे, ट्रॉलर रात्री-अपरात्री ये-जा करतात, पत्रादेवीच्या नाक्यावर वाहनांची रीघ असते. तिथे ड्युटी लागेल तेव्हा चिलखत मिळाले नसेल तर माग, बॅटरी चालत नसेल तर नोंद कर, अडथळे कुठे आणि किती अंतरावर लावायचे हे ज्येष्ठांना विचारून घे. असे विचारणाऱ्याला कोणी भित्रा म्हटले तर म्हणू दे.

वाळपईच्या प्रशिक्षण केंद्रात पकडीचा सराव तुला कंटाळवाणा वाटेल, कारण जोडीदार तिथे खोटा झटका देतो आणि आपणही खोटेच धरतो. तू जोडीदाराला खरा झटका द्यायला सांग. दरवर्षी २१ ऑक्टोबरला, १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात पडलेल्या दहा पोलिसांच्या स्मरणार्थ देशभर संचलन होते. तू गणवेशात त्या रांगेत पहिल्यांदा उभी राहशील, त्या दिवशी संध्याकाळी मला फोन कर.

निघण्यापूर्वी येत्या रविवारी आईला घेऊन ये. परवाचे ते वाक्य तिच्यासमोर पुन्हा बोलू नकोस. 'रात्रपाळी संपल्यावर तुला न चुकता फोन करीन,' एवढे मात्र तिला सांग.

तुझा,
काका