कंपनीच्या हेल्थ प्लॅनने औषधाचं प्रायर ऑथ नाकारलं तर अपील करून काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचं प्रायर ऑथ, म्हणजे औषधाआधी लागणारी प्लॅनची मंजुरी, ‘स्टेप थेरपी पूर्ण नाही’ (आधीच्या पायरीची औषधं घेऊन पाहिली नाहीत) म्हणून नाकारलंय. आता अपील करावं की मुकाट्याने दुसरं औषध घ्यावं, आणि एचआरला कळलं तर नोकरीवर येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

अपील करा. डिनायल लेटर मिळाल्यापासून 180 दिवस असतात, पण तेवढे थांबू नका.

आता आमचं सांगते, कारण ‘दुसरं औषध घ्यावं का’ हे वाचलं की माझं डोकं अजूनही तापतं.

माझ्या नवऱ्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात. 2019 मध्ये आम्ही पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा तो पस्तिशीचा होता. सकाळी उठला की पलंगाच्या कडेला बसायचा, एक हात खिडकीच्या चौकटीवर, आणि तसाच अर्धा तास. पाठ वाकायचीच नाही. मोजे मी घालून द्यायचे, आणि मुलगी खोलीत आली की तो पाय मागे घ्यायचा. इथल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने (संधिवाताच्या डॉक्टरांनी) एमआरआय काढला, एचएलए-बी27 ही या आजाराशी निगडित रक्ततपासणी पुण्यातच पॉझिटिव्ह आली होती, आणि अडॅलिमुमॅब लिहून दिलं. दर दोन आठवड्यांनी एक इंजेक्शन. नोव्हेंबरात पत्र आलं, नामंजूर. कारण काय, तर दोन वेगवेगळी एनएसएआयडी (सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या) प्रत्येकी चार आठवडे घेतल्याची नोंद नाही.

नोंद नव्हती हे खरं. गोळ्या मात्र त्याने घेतल्या होत्या. पुण्यात पाच महिने रोज एटोरिकॉक्सिब 90 मिलिग्रॅम. इथे आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून नेप्रोक्सेन, तेही कॉस्टको या दुकानातून, कारण ते प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. प्लॅनच्या कॉम्प्युटरला फक्त त्यांनी पैसे दिलेली औषधं दिसतात. खिशातून आणलेली गोळी त्यांच्या लेखी घेतलेलीच नसते. त्यात एटोरिकॉक्सिबला अमेरिकेत मंजुरी नाही, त्यामुळे फोनवरच्या बाईला ते नाव यादीत सापडेना. तिने तीनदा स्पेलिंग विचारलं आणि शेवटी ‘अदर’ असं लिहून ठेवलं.

पहिलं अपील मी दोन रात्री जागून लिहिलं. चार पानं. त्याचं दुखणं, आमची ओढाताण, लहान मुलगी, सगळं. पंधरा दिवसांत उत्तर आलं, निर्णय कायम. त्या चार पानांत त्यांना हवी होती ती एकही गोष्ट नव्हती.

तेव्हा दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे मोठे दीर, डॅलसला वीस वर्षं आहेत. त्यांचं म्हणणं असं की इथे इन्शुरन्सवाल्यांशी कुणी जिंकत नाही, तू व्हिसावर आहेस, तुझ्याच कंपनीच्या प्लॅनविरुद्ध कागद रंगवू नकोस. भारतात त्याच औषधाचं बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध) 2014 पासून मिळतं, कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर मागवू. माणूस प्रेमाने बोलत होता, पण चुकीचं बोलत होता. ते इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. पुणे, मुंबई, नेवार्क असा प्रवास कुणाच्या पर्समधून करायचा, कस्टममध्ये काय सांगायचं, आणि महिन्याला दोन इंजेक्शनं लागतात तर पुढच्या महिन्याचं कोण आणणार? मी तेव्हा गप्प बसले, थोरल्यांशी फोनवर वाद नको म्हणून. फोन ठेवला आणि प्लॅनला दोन ओळींचं पत्र लिहिलं: माझी पूर्ण क्लेम फाइल आणि ज्या निकषावर नकार दिलात तो निकष पाठवा.

हे पत्र तुम्हीही आज पाठवा. फाइल मागितली की फुकट द्यावीच लागते, कायदाच तसा आहे. आमची आली तेव्हा कळलं की डॉक्टरांच्या ऑफिसने केलेल्या अकरा पानांच्या फॅक्सची सहाच पानं तिकडे पोचली होती. एमआरआयचा रिपोर्ट उरलेल्या पाचांत. म्हणजे नकार देणाऱ्याने तो पाहिलाच नव्हता! आणि ज्या निकषावर आमचं सगळं अडलं होतं तो जेमतेम अर्ध्या पानाचा. त्यात माझ्या चार पानांना जागाच नव्हती. औषधाचं नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत, का बंद केलं, एवढ्या चारच गोष्टी हव्या होत्या.

पुण्याचे कागद सासूबाईंनी काढले. मुलाच्या आजारपणाची केमिस्टची सगळी बिलं त्यांनी चकलीच्या जुन्या डब्यात ठेवली होती, महिन्याप्रमाणे टाचणी लावून. ऑगस्ट 2018 ते डिसेंबर, एकही बिल हरवलेलं नाही. रोज दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन फोटो यायचे, कोपऱ्यात त्यांचा अंगठा आणि हिरवी बांगडी. तिथल्या डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘अ‍ॅसिडिटी, गोळी बंद’ असंही लिहिलेलं निघालं, जे आम्हीसुद्धा विसरलो होतो.

भारतातले कागद लावताना तारखा जपा. आपल्या बिलावर 05/08/2018 म्हणजे पाच ऑगस्ट, इथला माणूस तो आठ मे वाचतो आणि महिन्यांचा हिशेब कोलमडतो. मी प्रत्येक बिलाची तारीख महिन्याचं नाव लिहून वेगळ्या कागदावर उतरवली आणि शेजारी बिलाचा नंबर टाकला. कॉस्टकोच्या पावत्या नव्हत्या, पण ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या व्हिजिट नोटमध्ये ‘नेप्रोक्सेन सहा आठवडे, फरक नाही’ अशी ओळ होती. तेवढी पुरली. म्हणून दुकानातून आणलेली गोळीसुद्धा डॉक्टरांना सांगून नोटमध्ये लिहून घ्यायची.

डॉक्टरांनी एक पानाचं पत्र दिलं. एनएसएआयडीने भागलं नाही तर टीएनएफ इन्हिबिटर (अडॅलिमुमॅब त्याच गटातलं) द्यावं, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची 2019 ची ठाम शिफारस आहे, ती त्यात उद्धृत केली. मी एवढंच जोडलं की आधीचा रिव्ह्यूअर फॅमिली मेडिसिनचा होता (फाइलमध्ये ते दिसलं), तर या वेळी या आजारातल्या तज्ज्ञाचं मत घ्या आणि त्याचं नाव मला कळवा. या दोन्ही मागण्या कायद्यात बसतात. दुसरं अपील जानेवारीअखेर गेलं, फेब्रुवारी 2020 मध्ये मंजुरी आली.

आता एचआरचं. मोठ्या कंपन्यांत कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं असलं तरी पैसा बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीचा असतो, त्याला सेल्फ-फंडेड म्हणतात. अशा वेळी बेनिफिट्स विभागाला लिहिणं म्हणजे चहाडी नव्हे, ज्याचा पैसा त्यालाच विचारणं आहे. मी लिहिलं. आजाराचं वर्णन केलं नाही, फक्त अपीलाचा नंबर दिला आणि फॅक्सची पानं गहाळ झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्लॅनकडून फोन आला, याआधी तीन आठवडे कुणी उचलत नव्हतं. प्लॅनमधला हक्क मागितला म्हणून कामावरून काढणं किंवा त्रास देणं 1974 च्या एरिसा या कंपन्यांच्या बेनिफिट प्लॅनसाठीच्या केंद्रीय कायद्याने बंद केलंय, आणि त्या कायद्यात तुमचा व्हिसा कोणता हे विचारलेलं नाही. माझं ग्रीन कार्ड त्याच कंपनीतून झालं. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर तेव्हा न बोललेलं आता बोलते: आपण गप्प बसतो हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून पहिला नकार इतका सहज येतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सरकारी नोकरी किंवा चर्चच्या संस्थेचा प्लॅन असेल तर एरिसा सहसा लागू नाही. प्लॅन सेल्फ-फंडेड असेल तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करून उपयोग होत नाही. केंद्रीय कामगार खात्याच्या ईबीएसएला (अशा प्लॅनवर लक्ष ठेवणाऱ्या विभागाला) 1-866-444-3272 वर फोन करा, ते फुकट मदत करतात. प्रकृती बिघडायचा धोका असेल तर डॉक्टरांकडून तातडीचं अपील करवा, 72 तासांत उत्तर द्यावं लागतं. प्लॅनकडची अपिलं संपली आणि नकार वैद्यकीय कारणावर असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येतं, त्याचा निर्णय प्लॅनला पाळावा लागतो. पण औषधच प्लॅनमधून वगळलेलं असेल तर गोष्ट निराळी, तिथे आमचा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही.

आणि अडॅलिमुमॅबच लिहून दिलं असेल आणि प्लॅन त्याचं बायोसिमिलर देत असेल तर भांडू नका, घ्या. जानेवारी 2023 पासून ती इथेही मिळतात, नवरा आता तेच घेतो आणि मोजे स्वतः घालतो.

मंजुरी सहसा वर्षभराचीच असते. आमची दर फेब्रुवारीत संपते, त्यामुळे डिसेंबरातच मी फाइल काढून डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावते, आणि फॅक्स गेला की पानं किती पोचली ते प्लॅनला विचारते.