जहाल रेझर आणि नवखा हात

वाचकांचे प्रश्न

दुधारी पात्याच्या रेझरविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात विचारलेली अडचण बहुतेक नवशिक्यांना येते.

प्रश्न : माझे वय ३४ असून बारा-तेरा वर्षे मी तीन पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करत आलो. गेल्या महिन्यात एका मित्राच्या सांगण्यावरून दातेरी कडेचा, दुधारी पात्याचा जड रेझर घेतला. पहिल्याच दाढीत जबड्याखाली तीन ठिकाणी कापले आणि मानेची आग दोन दिवस शमली नाही. मित्र म्हणतो की हा रेझर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ आहे, सवय होईल. पत्नीचे म्हणणे, जुनाच बरा होता. नवख्या माणसाने असा रेझर वापरावा का, आणि वापरायचा तर कसा शिकावा? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : तुमच्या मित्राने ज्याला अ‍ॅग्रेसिव्ह म्हटले त्याला मी जहाल म्हणतो आणि त्याच्या उलट प्रकाराला मवाळ. हा फरक पात्यात नसतो, कारण दोन्ही प्रकारांत बाजारात मिळणारे तेच, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे पाते बसते. फरक असतो तो पाते धरून ठेवणाऱ्या डोक्यात. वरची टोपी आणि खालची कड यांच्यामधून धार किती बाहेर डोकावते, धार आणि खालची कड यांच्यामध्ये फट किती ठेवली आहे आणि पाते किती वाकवून आवळले आहे, यांवर रेझरचा स्वभाव ठरतो. मवाळ रेझरमध्ये टोपी आणि कड या दोन्ही गालाला टेकतात आणि धार त्यांच्या आडोशाला राहते. जहाल रेझरमध्ये धार त्या रेषेच्या पुढे आलेली असते, त्यामुळे हात जरा जड पडला की तो भार सरळ धारेवरच येतो. दातेरी कडेमुळेच रेझर जहाल होतो हा समज मात्र बरोबर नाही. दात असतात ते फेस आणि वाढलेले केस अडकू नयेत म्हणून, आणि दातेरी असूनही मवाळ असलेले रेझर मिळतात. जर्मनीच्या म्यूले कंपनीचे आर ८९ आणि आर ४१ हे दोन रेझर शेजारी ठेवून पाहिले, तर दांडा सारखा आणि पातेही तेच. पण पहिला नवशिक्याच्या हाती निर्धास्त द्यावा असा, आणि दुसरा जहालपणासाठीच जगभर ओळखला जातो.

अशा रेझरला ‘सेफ्टी’ का म्हणतात, असेही तुम्हाला वाटले असेल. किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले, तेव्हा घरोघरी दाढी होत होती ती उघड्या वस्तऱ्याने. तो शब्द वस्तऱ्याच्या तुलनेत आला आहे. कार्ट्रिजवरून येणाऱ्या माणसाने त्या शब्दावर फार विसंबू नये.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. तुम्ही खरेदीच्या आधी विचारले असते, तर मी स्वच्छ ‘नको’ म्हटले असते आणि एखादा साधा, मवाळ रेझर तीन महिने वापरायला सांगितले असते. त्यात हात बसला की जहालाकडे वळणे सोपे जाते. पण घेतलेली वस्तू कपाटात टाकून द्यावी असेही मला वाटत नाही. पहिला महिनाभर गालावर थोडे खुंट राहिले तरी चालतील, अशी मनाची तयारी असेल तर याच रेझरवर शिकता येते. तशी तयारी नसेल, किंवा रोज सकाळी घाईतच दाढी करावी लागत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मवाळावरच राहावे आणि डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

तुमचे कापले ते बारा-तेरा वर्षांच्या सवयीमुळे. कार्ट्रिजचे डोके हलते असते, ते जबड्याच्या वळणावर आपोआप वळते, आणि हाताचा दाब तीन पात्यांत आणि रबरी पट्टीत वाटला जातो. त्यामुळे दाबून ओढायची सवय हाताला कधी लागली हे आपल्या लक्षातही येत नाही. दुधारी रेझरचे डोके दांड्यावर घट्ट बसवलेले असते. वळायचे ते मनगटाने आणि दाबायचे अजिबात नाही. यासाठी दांडा मुठीत न धरता त्याच्या खालच्या टोकाजवळ अंगठा आणि दोन बोटे यांच्यात, बासरी धरावी इतक्या हलक्या हाताने धरा. तुमचा रेझर जड आहे, हे तुमच्या सोयीचेच आहे. त्याच्या स्वतःच्या वजनात केस कापण्याइतका भार असतो. कल्ल्याखाली रेझर टेकवा आणि तो स्वतःच्या भाराने खाली उतरत आहे, तुम्ही फक्त सोबत जात आहात, अशा बेताने दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणा. तेथे थांबा, उचला, पुन्हा टेकवा. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात ओढण्याची सवय सोडावी लागेल.

कोन साधण्याची माझी पद्धत सांगतो. प्रथम दांडा गालाशी काटकोनात ठेवून केवळ टोपी गालाला टेकवा. या स्थितीत धार त्वचेला लागत नाही. आता रेझर सावकाश खाली सरकवत दांडा हळूहळू मानेकडे झुकवा. एका क्षणी खुंट कापले जाण्याचा कुरकुर आवाज येऊ लागतो. तेथेच थांबा, आणखी झुकवू नका. पाते आणि त्वचा यांच्यातला कोन सुमारे ३० अंश असावा असे सांगतात, पण आरशासमोर कोणी कोनमापक घेऊन उभे राहत नाही, म्हणून कानावर भरवसा ठेवावा. जहाल रेझरमध्ये धार पुढे असल्यामुळे हा आवाज मवाळापेक्षा लवकर येतो, म्हणजे दांडा गालापासून बराच दूर असतानाच येतो. टोपी गालावरून सुटू दिली नाही, तर अर्धी भीती कमी होते. जहाल रेझरचा आवाज मोठा आणि स्पष्ट असतो, हा त्याचा मोठा गुण आहे. नळ बंद ठेवा, मोबाइलवर गाणी लावू नका, आणि तो आवाज ऐका. तो एकसारखा येत असेल तर कोन बरोबर आहे. आवाज बंद होऊन नुसते घसटल्यासारखे वाटले, तर दांडा जास्त झुकला आहे आणि धार त्वचा खरवडू लागली आहे.

जबड्याखाली तीन ठिकाणी कापले, असे तुम्ही लिहिता. तेथे हाडाची कड आहे, तिच्याखालची त्वचा सैल आहे आणि केसांची दिशाही तेथेच बदलते. दाढी न केलेल्या दिवशी बोटांची टोके मानेवरून चारी बाजूंनी फिरवून पाहा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जाते ती केसांची दिशा. अनेकांच्या गळ्यावर केस खालून वर किंवा तिरपे कानाकडे वाढतात, आणि आपण सुलट समजून वरून खाली फिरवलेला रेझर तेथे उलटा फिरत असतो. तुमच्या मानेची आग बहुधा त्यामुळेच झाली असावी. जबड्यावर दाढी करताना मान थोडी मागे टाकून, मोकळ्या हाताने त्वचा वर, गालाच्या सपाट भागावर ओढून घ्या आणि तेथे रेझर फिरवा. हाडाच्या कडेवर रेझर नेण्यापेक्षा त्वचा हाडावरून बाजूला आणणे चांगले. कंठमण्यावरची त्वचाही अशीच बाजूला सरकवता येते.

फेसाकडे मात्र बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. केस पाण्याने फुगून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून दाढी आंघोळीनंतर करा. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. अशा वेळी एक तांब्या पिण्याचे शुद्ध केलेले पाणी दाढीपुरते बाजूला ठेवा. बोराएवढे क्रीम वाटीत घेऊन ब्रशने घोटत राहा आणि थेंबथेंब पाणी घाला. फेस फुगून बुडबुड्यांचा झाला, तर तो दिसायला भरपूर असतो पण कामाचा नसतो. घोटून मऊ केलेल्या चक्क्यासारखा, चकचकीत आणि ब्रश उचलल्यावर टोक वाकणारा फेस हवा. जेथे रेझर पुन्हा फिरवायचा तेथे फेस पुन्हा लावा. फेस नसलेल्या त्वचेवर ‘एवढाच एक केस’ म्हणून फिरवलेला रेझर हमखास रक्त काढतो.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात या रेझरने फक्त दोन्ही गाल करा आणि हनुवटी, ओठावरचा भाग आणि मान जुन्या कार्ट्रिजने उरका. यात कमीपणा मानू नका, गालाच्या सपाट जागेवर हात शिकतो. दाढी दोन-तीन दिवसांनी करा. दाढीचे केस दिवसाला जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढतात, आणि जहाल रेझरला कापायला काहीतरी असले म्हणजे तो त्वचेच्या वाटेला कमी जातो. रोजच्या बारीक खुंटावर तो नवख्याच्या हाती त्रासच देतो. दुसऱ्या आठवड्यात मान घ्या, तीही केवळ सुलट, एकच हात, म्हणजे रेझर केसांच्या दिशेने एकदाच फिरवायचा. गालावर आग होत नाही अशी खात्री पटल्यावर तेथे दुसरा हात आडवा फिरवा. उलट्या हाताची घाई करू नका. तो फिरवल्यावर गाल काचेसारखा लागतो हे खरे, पण जहाल रेझरचे सुलट आणि आडवे दोनच हात मवाळाच्या तीन हातांचे काम करतात, आणि मानेवर उलटा हात फिरवला की केस त्वचेच्या आत वळून पुटकुळ्या येतात. माझ्या स्वतःच्या मानेवर मी उलटा हात फिरवत नाही, आणि त्यामुळे दाढीत काही उणे राहते असे मला कधी वाटले नाही.

दाढी झाल्यावर थंड पाणी मारून तुरटीचा ओला खडा चेहऱ्यावरून फिरवा. तुरटीने बारीक रक्त थांबते हे घराघरात माहीत आहे. शिकाऊ माणसाला तिचा आणखी एक उपयोग आहे. जेथे हात जड पडला, तेथे ती झोंबते. आज डाव्या जबड्याखाली झोंबली, उजवीकडे नाही, एवढे लक्षात ठेवले की पुढच्या दाढीला काय सुधारायचे ते कळते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे आरशामागच्या एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवत असे. पहिले कित्येक दिवस ‘डावी मान’ एवढेच लिहिलेले असे, कारण डाव्या बाजूला पोहोचताना माझे मनगट वळत नसे आणि मी ते दाबाने भरून काढत असे. तुरटी मिनिटभराने धुऊन टाका, नाहीतर त्वचा कोरडी पडते.

प्रश्न : माझाही रेझर जहाल आहे. नवे पाते फार धारदार असते म्हणून मी पहिले तीन-चार दिवस टाळून जुनेच पाते चालवतो. हे योग्य आहे का? एक पाते किती दाढ्यांना पुरावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : योग्य नाही. बोथट पाते केस कापण्याऐवजी ओढते, मग आपण दाबतो, आणि जहाल रेझरवर दाब म्हणजे जखम. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही बोथट का होते, याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. कापताना केस वाकतो आणि पात्याच्या कडेवर तिरका दाब येतो, त्यामुळे धारेचे सूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना दिसले. म्हणजे धार एकसारखी झिजत नाही, ठिकठिकाणी खरबरीत होते, आणि तीच खरबर गालाला जाणवते. केस भिजवून मऊ करण्याचे महत्त्व त्यामुळे पात्याच्या दृष्टीनेही आहे.

चार ते सहा दाढ्यांनंतर पाते बदला, केस राठ असतील तर त्याआधी. जपानी फेदर पात्याची धार फार तीव्र असते, ते नवशिक्याने जहाल रेझरमध्ये घालू नये. मधल्या धारेचे कुठलेही नेहमीचे पाते घ्या आणि निदान महिनाभर तेच ठेवा. रेझर, पाते आणि साबण तिन्ही एकदम बदलले, तर चूक कशात आहे ते कळत नाही. पाते बसवताना आखूड कडांना धरा, आणि आवळल्यावर दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर आहे ना, हे उजेडात पाहून घ्या. पाते तिरके बसले तर एक बाजू मवाळ आणि दुसरी जास्तच जहाल होते.

प्रश्न : माझे सासरे व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून आणलेला एक जड रेझर घरात आहे. त्याच्या मानेवरच्या चकतीवर १ ते ९ आकडे आहेत आणि दांड्याचे खालचे टोक फिरवले की वरची दोन झाकणे उघडतात. माझा १८ वर्षांचा मुलगा आजोबांच्याच रेझरने दाढी सुरू करायची म्हणतो. द्यावा का? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : अवश्य द्या. तुम्ही वर्णन केलेला रेझर कमी-जास्त करता येणारा आहे. जिलेटने असे रेझर १९५८ च्या सुमारास बाजारात आणले. चकती फिरवली की पाते आणि कड यांच्यातली फट बदलते. १ वर तो मवाळ असतो आणि ९ वर जहाल. मुलाला दोन महिने १ किंवा २ वरच वापरू द्या, आणि पुढे एकेक आकडा चढवताना आधीच्या आकड्यावर तुरटी झोंबणे थांबले आहे ना, हे त्याने पाहावे. चकती फिरवण्यापूर्वी खालचे टोक अर्धा वळसा सैल करावे, नाहीतर आतील यंत्रणेवर ताण येतो. वर्षानुवर्षे साचलेला साबण कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी निघतो. उकळत्या पाण्यात रेझर टाकू नका. मुलाच्या गालावर मुरमे असतील, तर त्यांच्यावरून रेझर न नेता बाजूने न्यावा आणि मुरमे फार असतील तर तेवढे दिवस थांबावे.

वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नयेत, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. चहा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा आणि कडेने चिकटपट्टी लावून झाकण बंद करा. तो भरायला काही वर्षे लागतील. भरल्यावर त्यावर ठळक अक्षरांत ‘धारदार पाती’ असे लिहून तो घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात, आत काय आहे ते सांगून द्यावा.