'गरीब' चालतं मग 'भिकारी' का नाही चालत?

प्रश्न असा आलाय की 'गरीब' आणि 'भिकारी' यांच्यात फरक फक्त पैशाचा आहे का, आणि तसं असेल तर नेतेमंडळी दिवसभर 'गरीब गरीब' करतात तेव्हा कोणाला काही वाटत नाही, पण एकदा तोंडातून 'भिकारी' निघालं की महिनाभर पुरतं, असं काहून? विचारणाऱ्यानं माणिकराव कोकाट्यांचं उदाहरण दिलंय, फेब्रुवारी २०२५ मधलं. कृषिमंत्री असताना अमरावतीत बोलले होते की हल्ली भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही आणि आम्ही एक रुपयात पीक विमा दिला. आणि प्रश्नाला शेवटी एक शेपूटही आहे, की मग भाषणात, बातमीत, फ्लेक्सवर लिहायला बरा शब्द कोणता.

शेपटाचं नंतर पाहू. आधी 'गरीब'. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मुळात अर्थ परका, आपलं गावघर सोडून आलेला. मराठीत आल्यावर त्याला अजून एक अर्थ चिकटला, तो म्हणजे मवाळ, निरुपद्रवी. 'पोरगी स्वभावानं फार गरीब आहे' असं लग्न जुळवताना सांगतात तेव्हा तिच्या बापाकडे वीस एकर संत्र्याचा बगीचा असू शकतो. 'गरीब गाय' म्हणतो तेव्हा गायीचं उत्पन्न कोणी विचारत नाही. त्यामुळं नेता 'गरीब जनता' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या कानात थोडं 'बिचारी साधी माणसं' असंही वाजतं आणि ते कोणाला लागत नाही. 'दरिद्री'चं बघा, शब्द संस्कृत, पण बोलण्यात सरळ शिवी झाला, आमच्याकडे नागपूरकडे तर त्याचं 'दलिंदर' करून टाकलंय, आणि 'दरिद्रनारायण' आता फक्त भाषणात उरलाय.

'भिकारी'ची गोष्ट वेगळी. भिकार हे मराठीत नुसतं विशेषण म्हणूनही फिरतं, भिकार कविता, भिकार रस्ता, भिकार चहा, म्हणजे त्यात पैशाचा संबंधच संपला, अर्थ फक्त 'काही लायकी नसलेला'. गंमत म्हणजे भीक आणि भिक्षा एकाच मुळातले. भिक्षा मुंजीत मुलगा मागतो तेव्हा सगळे कौतुकानं फोटो काढतात, माधुकरी मागून शिकलेल्या माणसाच्या चरित्रात ती अभिमानानं लिहिली जाते, जोगवा तर देवीच्या नावानं मागायचा असतो. हात पसरलेला सगळीकडे आहे, पण भिक्षेत घेणारा देणाऱ्याच्या खाली जात नाही, उलट देणारालाच पुण्य लागतं. भीक म्हटलं की घेणारा खाली बसला. मराठीत ही सगळी शब्दांची उतरंड कोण कोणाच्या उपकारात आहे यावर रचलेली आहे, खिशात किती आहे हे त्यात फार मागून येतं.

ह्याचा सगळ्यात चांगला नमुना कोकाट्यांच्या आधीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्री चंद्रकांत पाटील पैठणला म्हणाले की फुले, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सरकारी अनुदानाची वाट न बघता शाळा काढल्या, त्यासाठी लोकांकडे भीक मागितली. वाक्याचा रोख तर स्तुतीचाच होता ना! पण शब्द निवडला भीक. दुसऱ्याच दिवशी पिंपरी-चिंचवडला त्यांच्या अंगावर शाई पडली, मग दिलगिरी व्यक्त झाली, सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात त्या पैशाचा, दाखला देऊन खुलासाही झाला. आता बघा, ह्याच गोष्टीला मराठीत 'वर्गणी' हा हातचा शब्द होता, 'लोकवर्गणी' होता, 'देणगी' होता. गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या पोट्ट्यांना भिकारी म्हणायची कोणाची हिंमत आहे? आणि फुल्यांचं म्हणाल तर ते बांधकामाचे ठेकेदार होते, स्वतःचा पैसा घालत होते, भाऊरावांच्या घरी तर बायकोचे दागिने वसतिगृहात गेले. तिथं 'भीक' हा शब्द नुसता टोचला नाही, तो खोटाही पडला.

ह्यावर आपल्या बाजूचं, विदर्भातलं, एक उदाहरण द्यायला पाहिजेच. विनोबा पवनारहून निघाले आणि १९५१ पासून गावोगाव जमीन मागत फिरले, पण मागताना म्हणायचे की तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा. म्हणजे दान हा शब्द वापरूनही मागणी केली वाट्याची! मुलगा बापाकडे वाटा मागतो तेव्हा त्याला कोण भिकारी म्हणेल. भूदानाचं पुढं काय झालं तो वेगळा विषय आहे, इथं शब्दापुरतं बोलून राहिलो.

आता कोकाट्यांचं वाक्य परत घ्या आणि त्यातलं 'सुद्धा' बघा, कारण खरा घोळ त्या 'सुद्धा'मध्ये आहे, लोक उगाच सगळं खापर 'भिकारी'वर फोडतात. त्यांना बहुतेक म्हणायचं होतं की आजकाल एक रुपयाला काही किंमत नाही, इतक्या स्वस्तात आम्ही विमा दिला. पण मराठीत 'अमकासुद्धा' म्हटलं की आपण एक शिडी उभी करतो आणि तो अमका तिच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसतो. 'लहान पोरगंसुद्धा सांगेल' म्हटलं की ज्याला सांगता येत नाही तो पोरापेक्षा खाली गेला. तसंच इथं भिकारीसुद्धा जे घेत नाही ते ज्यानं घेतलं, तो कुठं गेला? बरं, तो रुपया शेतकरी घेत नव्हता, भरत होता! जुलै २०२५ मध्ये त्यांनी हेच सांगायचा प्रयत्न केला की रुपया शेतकऱ्याकडून सरकार घेतं, मग भिकारी सरकार झालं. तर्कानं बरोबर होतं हो, पण पाच महिन्यांनी तोच शब्द परत बाहेर काढला आणि ह्या खेपेला सरकारलाच लावला, मुख्यमंत्र्यांनी नाराजी सांगितली, त्याच दिवसांत सभागृहात मोबाइलवरच्या रमीचा त्यांचा व्हिडिओ गाजत होता, आणि महिनाअखेर कृषी खातं गेलं, क्रीडा आलं. खातं रमीनं गेलं म्हणा की भिकारीनं, लोक मात्र दोन्ही एका दमात सांगतात.

२०१७ मध्ये रावसाहेब दानवे, तेव्हा भाजपचे प्रदेशाध्यक्ष, तूर खरेदीवरून म्हणाले की एवढी तूर घेतली तरी रडतात साले. सगळी बोंब 'साले'वर झाली. मला विचाराल तर नागपुरात 'साले' हा स्वल्पविरामासारखा पडतो, दोस्तांत त्याला कोणी मोजत नाही. खरं लागणारं क्रियापद 'रडतात' होतं. मागणी करणाऱ्याला रडणारा म्हटलं की त्याचा हक्क संपला, आता तो फक्त हट्टी पोरगा उरला. तसंच ऑक्टोबर २०२५ मध्ये सहकारमंत्री बाबासाहेब पाटलांचं, लोकांना कर्जमाफीचा नाद लागलाय. नाद कोल्हापुरात खुळा असेल आणि कौतुकाचाही असेल, पण 'लागला' म्हटलं की दारू, जुगार, सट्टा हीच रांग डोळ्यापुढं येते. त्यांनीही नंतर माफी मागितली. आणि त्याच महिन्यात इकडे नागपुरात वर्धा रोडवर माजी आमदार बच्चू कडूंचे ट्रॅक्टर उभे, हायवे जाम, मागणी तीच. खरं तर 'कर्जमाफी' ह्या शब्दावरच शेतकरी संघटनेचा जुना आक्षेप आहे, माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला, म्हणून ते 'कर्जमुक्ती' म्हणतात. सरकारनंही कधीतरी ऐकलं असावं, कारण डिसेंबर २०१९ च्या नागपूर अधिवेशनात उद्धव ठाकऱ्यांनी दोन लाखांपर्यंतची जी योजना जाहीर केली तिच्या नावात कर्जमुक्तीच आहे. बोलताना मात्र मंत्री, संत्री, पत्रकार, बँकेचा क्लार्क सगळे माफीच म्हणतात.

शब्द हुशारीनं निवडायचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर वाटेल की सगळे घसरतातच. 'लाडकी बहीण'. २०२४ मध्ये महिन्याला पंधराशे. अटीत अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न लिहिलंय, म्हणजे कागदावर ही कमी उत्पन्नाच्या बायकांसाठीची मदत, पण नावात गरीब, निराधार, गरजू काहीच नाही, बहीण आहे. पैसे राखीच्या तोंडावर टाकले की ती झाली ओवाळणी, आणि ओवाळणी घेणारी बहीण भावाच्या खाली नसते, भाऊच पाटावर बसून तिच्याकडून ओवाळून घेतो. इतकं पक्कं रूपक मोडायला एक वाक्य पुरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमरावतीत आमदार रवी राणा म्हणाले की तुम्ही आशीर्वाद दिला नाही तर तुमचा भाऊ पंधराशे परत काढून घेईल. नंतर म्हणाले मस्करी होती. असेलही. पण दिलेली ओवाळणी परत मागणारा भाऊ मराठी घरात कोणी पाहिलाय का! त्या एका 'परत'नं ओवाळणीची उधारी होऊन गेली. 'भीक नको पण कुत्रं आवर' ही म्हण बहुतेक अशाच देणाऱ्यांसाठी तयार झाली असावी.

(जाता जाता, २०२२ पासून पंतप्रधानांमुळं फुकट वाटपाला 'रेवडी' म्हणायची पद्धत मराठी पेपरातही आली. हिंदीत आंधळा रेवडी वाटतो ती म्हण आहे म्हणून तिकडे ठीक. मराठीत 'रेवडी उडवणे' म्हणजे टिंगल करणे! ह्या अर्थाला आपल्याकडे 'खिरापत' होती, अगदी मापात बसणारी. नागपुरात हिंदी-मराठी एकाच वाक्यात चालते म्हणून आम्हाला दोन्ही समजतं, सांगली-साताऱ्याच्या माणसाचा गोंधळ होत असेल.)

मग नेत्याच्या इमेजचं काय होतं? लगेच मतं पडतात असं काही नाही. राणा त्याच वर्षी बडनेऱ्यातून परत निवडून आले, दानवे २०१९ ला जालन्यातून आले. पण शब्द चिकटतो, आणि माणूस कोणत्या शब्दाला अंगावर मिरवू शकतो आणि कोणत्या नाही, हे पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१४ मध्ये मणिशंकर अय्यर यांनी मोदींच्या चहा विकण्यावर टोमणा मारला, तो समोरच्यानं सरळ बिल्ला करून छातीला लावला. जुलै २०२२ मध्ये ठाकऱ्यांनी सुसाट सुटलेल्या रिक्षाचा टोला मारला तेव्हा पूर्वी रिक्षा चालवलेल्या एकनाथ शिंद्यांनी उलट सांगितलं की रिक्षाच्या वेगापुढं मर्सिडीजचा वेग फिका पडला. चहावाला, रिक्षावाला, हमाल ही कामं आहेत, कष्टाची आहेत, त्यात लाज नाही, म्हणून टोमणा उलटतो. ठाकऱ्यांच्या बाजूनं ते ओळखलं असावं, कारण पुढं जो शब्द जास्त चालला तो 'मिंधे'. शिंदेशी यमक तर आहेच, पण मिंधा म्हणजे दुसऱ्याच्या उपकाराखाली दबलेला, आणि हा बिल्ला कोणी छातीला लावू शकत नाही. सोबत 'पन्नास खोके', म्हणजे पन्नास कोटी. म्हणजे आरोप पैसा मिळाल्याचा आणि शिवी मिंधेपणाची, श्रीमंत होऊनही माणूस मराठीत भिकाऱ्याच्या शेजारी जाऊन बसू शकतो तो असा.

श्रीमंतीबद्दल बोलताना नेते मुळातच जपून असतात, म्हणून तिथली उदाहरणं कमी. 'श्रीमंत' आपल्याकडे पदवी आहे, भोसल्यांच्या नावाआधी लागते, त्यात वाईट काही नाही. वाईट लागतं ते आकडा उच्चारल्यावर. आमचे खासदार गडकरीसाहेब सप्टेंबर २०२२ मध्ये नागपुरातच बोलले होते की देश श्रीमंत आहे पण जनता गरीब आहे, त्याला विरोधकांनीही मान हलवली. सप्टेंबर २०२५ मध्ये, पुन्हा नागपुरातच, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यावरून त्यांच्यावर आरोप चालू असताना ते म्हणाले की माझ्या डोक्याची किंमत महिन्याला दोनशे कोटी आहे, मला पैशाची कमी नाही. सांगायचं होतं की मला लबाडी करायची गरज नाही. पण आमच्या चौकातल्या टपरीवर त्यानंतर कोणी जरा शहाणपणाचं बोललं की 'तुझं डोकं कितीचं बे' हे ठरलेलंच.

आता शेपूट. बरा शब्द कोणता? आमच्या भागात कंट्रोलच्या दुकानासमोर (बाहेरच्यांसाठी, रेशनच्या) रांगेत जरा कान देऊन ऐका. स्वतःला कोणी गरीब म्हणत नाही. 'आमचं पिवळं कार्ड हाय', 'त्याहिचं केशरी हाय', 'आमचं हातावर पोट हाय भाऊ'. एका बाईला दुकानदार काहीतरी टाकून बोलला तर ती म्हणाली, 'आमी का भीक मांगून राहिलो का, आमच्या नावावरचा तांदूळ हाय तो.' ह्यातलं 'आमच्या नावावरचा' हे कोणत्याही मंत्र्याच्या पीएनं लिहून घ्यावं असं आहे. लिहिताना 'हातावर पोट असलेले' किंवा 'कष्टकरी' हे शब्द चांगले, त्यात काम दिसतं. 'सर्वसामान्य' इतका पसरलाय की त्यात बंगलेवालेही येतात. 'अल्प उत्पन्न गट' अर्जात ठीक, भाषणात लाकडासारखा लागतो. 'गोरगरीब' प्रेमळ आहे पण त्याच्या मागं 'कैवारी' लावायचा मोह आवरत नाही.

आणि 'गरजू' खरं तर चांगला, नेमका शब्द आहे, गरज आज आहे, उद्या नसेल, कायमचा शिक्का नाही. पण इकडे डिसेंबरात थंडी पडली की चौकाचौकात 'गरजूंना ब्लँकेट वाटप' असे फ्लेक्स लागतात, वर साहेबांचा चार फुटी फोटो आणि खाली ब्लँकेट घेणाऱ्या म्हाताऱ्यांचे छोटे छोटे फोटो, हात पुढं केलेले. तिथं शब्द बदलून काही होत नाही, खालचे फोटो काढा आणि 'ब्लँकेट वाटप, अमुक चौक, संध्याकाळी सहा' एवढंच लिहा, ज्याला थंडी वाजते तो येतो बरोबर.